खिंडीतली ओली वाघूर

मल्हारी बोलायच्या आधी बोट ओलं करून हवेत धरायचा. वारा कुठून येतोय ते कळलं की मग बोलायचा. पश्चिमेकडं पाठ करून तो कधी बसला नाही. एसटीत बसला की हात खिडकीबाहेर. कुणी बिडी विझवून टाकली तर ते थोटूक उचलायचा, मातीत चुरगाळायचा, त्यावर थुंकायचा. वाळलेलं गवत दिसलं की मूठभर तोडून कानाजवळ पिळायचा आणि त्याची करकर ऐकायचा. बागायतदार आप्पासाहेबांचं नाव त्यानं तोंडातून कधी काढलं नाही. नुसतं ‘त्यो’ म्हणायचा.

वस्तीतल्या लोकांना तो जरा सरकलेला वाटायचा. सुगंधाबाईला तसं वाटत नव्हतं. ती त्याची थोरली भावजय. या सवयी कोणत्या दिवसापासून लागल्या, ते तिला ठाऊक होतं.

फुलंब्रीच्या पलीकडं डोंगराला एक खिंड आहे. चैत्र लागला की पश्चिमेचा तापलेला वारा त्या खिंडीतून घुसतो. अलीकडं मेंढक्यांची वस्ती आणि कुरण. पलीकडं तेव्हा आप्पासाहेबांचा गहू असायचा. गहू काढला की आप्पासाहेब धसकटं पेटवून द्यायचे. त्या वर्षी सोनाजी, म्हणजे मल्हारीचा थोरला भाऊ, त्यांना सांगायला गेला होता.

“मालक, पहाटं पेटवा. दुपारी वारा सुटतो.”

“मेंढक्यानं मला शेती शिकवू नये,” आप्पासाहेब म्हणाले.

त्यांनी भर दुपारी पेटवलं.

मोठ्या मेंढ्या चरायला गेल्या होत्या. कोकरं तेवढी खिंडीच्या तोंडाशी वाघुरीत, म्हणजे जाळीच्या वाड्यात होती. वाघुरीची गाठ नेहमी वाऱ्याच्या अंगाला मारतात. नाहीतर वारा जाळी उपटून नेतो. त्या दिवशी वाऱ्याच्या अंगानंच आग आली. सोनाजी गाठ सोडायला आगीच्या तोंडाला गेला. गाठ सुटली नाही. जाळी कापायला हातात काही नव्हतं. सोनाजी कोकरांसकट जळाला. पंचनाम्यात लिहिलं, आग कशी लागली ते समजलं नाही.

पुढं मल्हारी औरंगाबादला गेला. क्रांती चौकाजवळ काकासाहेब नावाच्या माणसाचं कूलरचं दुकान होतं. तिथं राहून तो कूलरच्या जाळीत गवत भरायला शिकला. गवत किती दाबायचं, पाणी किती सोडायचं, वारा कोंडणार नाही अन् कोरडाही जाणार नाही, हे सगळं शिकला. बरीच वर्षं राहिला. लग्न केलं नाही. वस्तीवर यायचा तेव्हा सुगंधाबाईला सांगायचा, “वैनी, तापलेला वारा लई तान्हेला असतो. पाणी पाजलं की गपगार होतो. त्याला कुनी पाजलंच नाय.”

“मग पाजा की,” ती म्हणायची. “नवरा गेला माझा, वाऱ्याचं कसलं सांगता?”

एका फाल्गुनात तो कायमचाच आला. सोबत टेम्पोभर कूलरचं गवत, दुकानांत काढून टाकलेलं, आणि वाळ्याच्या जुड्या. वस्तीतल्या जुन्या वाघुरी त्यानं गोळा केल्या. खिंडीत खांब रोवले. एका वाघुरीवर दुसरी ठेवायची, मधे गवत दाबायचं, दाभणानं शिवायचं आणि खांबांना ताणून बांधायचं. वरच्या पाझर तलावातून नळी आणली. तिला बारीक भोकं पाडली. पाणी थेंबाथेंबानं गवतात उतरायचं. खाली पन्हळ होतं, त्यातलं पाणी मेंढ्या प्यायच्या.

“डोंगराला कूलर बसवतोय बघा,” कारभारी नावाचा म्हातारा म्हणाला. “आता लाईटचं बटन कुठं लावतो?”

“तुझ्या शेंडीत,” मल्हारी म्हणाला.

वैशाखात त्याच कारभाऱ्यानं दुपारची बाज उचलून खिंडीखाली आणून टाकली. जाळीतून येणारा वारा ओला असायचा. त्याला वाळ्याचा वास असायचा. जवळच्या कुरणातलं गवत मुठीत पिळलं तर करकरत नव्हतं.

पण मल्हारीनं अर्धीच खिंड झाकली होती.

उरलेल्या अर्ध्या खिंडीतून वारा सरळ खाली जायचा. तिथं, खिंडीच्या अलीकडच्याच अंगाला, आप्पासाहेबांनी आता मोसंबीची बाग लावली होती. लोकांना वाटलं, गवत पुरलं नसेल. सुगंधाबाईनं छपरात रचलेल्या जुड्या पाहिल्या होत्या. मोकळी अर्धी त्यानं मुद्दामच ठेवलीय, हे तिनं ओळखलं. तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडचा डोंगर पेटला. कुणी पेटवला ते कळलं नाही. ठिणग्या उडत आल्या. वस्तीकडच्या जाळीत त्या चरचरून विझल्या. मोकळ्या अर्ध्यातून मात्र आग खाली उतरली आणि बागेच्या बांधाला लागली. कडेच्या ओळी करपल्या. मल्हारी खडकावर बसून बघत होता. सुगंधाबाई शेजारी उभी होती. वस्तीतली माणसं विझवायला पळाली, ही दोघं जागची हलली नाहीत.

“भागूबाईचं खोपट बागेतच हाये,” ती मग म्हणाली. भागूबाई बागेची राखण करायची.

“ठाव हाये.”

“तिनं काय केलं?”

“सोनाजीदादानं काय केलं व्हतं?”

त्या वेळी खोपटापर्यंत आग गेली नाही. छपराचा पाचोळा तेवढा धगीनं काळा पडला.

चार दिवसांनी आप्पासाहेब वस्तीवर आले. आता म्हातारे झाले होते. काठी टेकत चढले.

“मल्हारी, माझ्या बागेच्या अंगाला पण बांध. माणसं देतो, नळी देतो.”

मल्हारीनं बोट ओलं केलं, हवेत धरलं. मग म्हणाला, “मानसं नकोत. तुमी या.”

“मी काय करू येऊन?”

“उभं राहायचं. जिथं सोनाजीदादा पडला तिथं. ऊन डोक्यावर आलं की यायचं, वारा पडला की जायचं. डोक्याला काय बांधायचं नाय. तुमी एक दिस उभं राहिलात का मी एक वाघूर बांधीन.”

“आणि नाही आलो तर?”

“तर बाग तुमची अन् वारा देवाचा.”

आप्पासाहेबांनी सुगंधाबाईकडं पाहिलं. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला, पण नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. पटका काढून खडकावर ठेवला आणि मोकळ्या अर्ध्या खिंडीत उभे राहिले. वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा येत होता. मल्हारी त्यांच्या समोर बसला, त्याच कोरड्या वाऱ्यात. मांडीवर वाघूर घेऊन गवत भरत होता. संध्याकाळी त्यानं ती बांधली.

असं रोज चाललं. वस्तीतली माणसं आधी बघायला यायची, मग येईनाशी झाली. त्यांना ते बघवत नव्हतं. सुगंधाबाई रोज यायची.

एका दुपारी आप्पासाहेबांचे ओठ फुटले. “बाई, घोटभर पाणी,” ते पुटपुटले.

तिच्या हातात तांब्या होता. मल्हारीसाठी आणलेला. तिनं मल्हारीकडं पाहिलं. तो मान खाली घालून शिवत होता. तिनं तांब्या उचलला आणि आदल्या दिवशी बांधलेल्या वाघुरीवर ओतला.

“तुमच्या बागेलाच दिलं,” ती म्हणाली.

आप्पासाहेब तसेच उभे राहिले.

मल्हारीचं अंग मात्र तापायला लागलं होतं. रात्री अंगाला हात लावला की चटका बसायचा. बोलताना जीभ अडखळायची.

“भावजी, जाळीच्या मागं बसा. तिथून बी दिसतंय.”

“नाय. मी गारव्याला बसलो तर त्याला वाटंल, मी इसरलो.”

“मग टोपी तरी घाला.”

“त्याच्या डोक्याला हाये का?”

खरं म्हणजे तिलाही तो तिथंच बसायला हवा होता. एवढ्या वर्षांनी मिळालेलं ते दृश्य तिला मोडायचं नव्हतं. आप्पासाहेब उन्हात, समोर सोनाजीचा भाऊ, आणि कुणीही जागचं हलत नाही.

शेवटी एकच खिंडार उरलं. एका वाघुरीचं. बरोबर त्याच्या खालच्या अंगाला भागूबाईचं खोपट होतं. ते खिंडार मल्हारीनं शेवटी का ठेवलं, हे सुगंधाबाईनं विचारलं नाही.

त्या दुपारी वारा नेहमीपेक्षा जोराचा होता. ती जाळीच्या मागं, मेंढ्यांच्या पन्हळाजवळ होती. आप्पासाहेबांची हाक आली. इतक्या दिवसांत त्यांनी मारलेली पहिली हाक.

“बाई, मल्हारी हलत नाहीये.”

ती पळत गेली. मल्हारी खडकाला टेकून बसला होता. तोंड आप्पासाहेबांकडंच होतं. डोळे उघडे होते. अंगावर घामाचा टिपूस नव्हता. आप्पासाहेबांनी काठी टाकून दिली आणि त्याला काखेत धरून ओल्या जाळीमागं ओढलं. त्यांच्या अंगात ताकद नव्हती, तरी ओढलं. तिनं पन्हळातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. फुलंब्रीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा आप्पासाहेब पुन्हा खिंडीत आले. पटका काढून ठेवला आणि उभे राहिले. समोरचा खडक रिकामा होता.

“आता कशाला आलात?” सुगंधाबाईनं विचारलं.

“एक राहिलीय,” ते म्हणाले.

“बांधनारा गेला.”

“मी उभा राहतो. तू बांध.”

वारा पडेपर्यंत ते उभे होते. ती खडकावर बसून बघत होती. मल्हारीच्या हातून अर्धी राहिलेली वाघूर तिच्या पायाशी पडली होती. तिला शिवता येत होतं. जाळी तर ती लहानपणापासून विणत आलेली. तिनं एकदा दाभण हातात घेतलं. मग होतं तिथंच पुन्हा खोचलं.

ती वाघूर आजही खालून हातभरच भरलेली आहे. गवत नीट दाबलेलं आहे, शिवण सरळ आहे. वरची जाळी रिकामी आहे, आणि दाभण अर्ध्या टाक्यात अडकलेलं आहे.