विहिरीला पाच फेऱ्या

"पाठीवर घे आणि विहिरीला पाच फेऱ्या मार," असं भाऊ म्हणाले की समजायचं, सहल ठरली.

भाऊ आमच्या कचेरीत हेडक्लार्क. दर डिसेंबरात आम्हा चार-पाच जणांना ते रत्नागिरीतून कुठल्या तरी डोंगरावर नाहीतर किनाऱ्याने चालवत न्यायचे. आदल्या दिवशी भरलेल्या सॅक घेऊन त्यांच्या अंगणात हजर व्हायचं. तुमच्या ओळखीत दुसऱ्याची पिशवी उपसून सामान बाहेर काढणारा एखादा असेलच. भाऊ मात्र हात लावत नसत. फेरी संपली की पडवीतून फक्त विचारायचे, "आता?" मग आपणच निमूटपणे काहीतरी काढून ठेवायचो.

पहिल्या वर्षी मी दाढीचा आरसा, दोन स्वेटर आणि पितळी तांब्या घेऊन गेलो होतो. तांब्या पहिल्याच फेरीत उतरला. स्वेटरसाठी मी वाद घातला.

"मेल्या, रत्नागिरीत राहतोस की हिमालयात?"

पडवीत राहिलेलं सामान परतल्यावर जसंच्या तसं मिळायचं, खाऊ सोडून. माझा शेवेचा डबा रिकामा झाला तेव्हा वहिनींनी उंदरांवर आळ घेतला होता.

जयगड ते पूर्णगड, सगळा किनारा पायी, खाड्या तरीतून ओलांडत, चार दिवसांत, हे भाऊंच्या मनात वर्षानुवर्षं होतं. दोन हजार तीन साली, त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा कुठे सगळ्यांच्या रजा जुळल्या. पण तोवर भाऊ कचेरीचा जिना कठडा धरून चढू लागले होते. विचारलं तर म्हणायचे, जिनाच वाईट बांधलाय.

आदल्या दिवशी आमचं झाल्यावर भाऊंनी सॅक चढवली. पहिल्या फेरीनंतर त्यांनी स्टोव्ह काढला, दुसरीनंतर दोर. तिसरीत पाय ओढायला लागले तसे आम्ही त्यांचे कपडे, पाणी, औषधं, सगळं वाटून घेतलं. चौथी अर्धी टाकून ते चिऱ्याच्या पायरीवर बसले.

"भाऊ, अजून काय असेल ते द्या आमच्याकडे," मी म्हणालो.

"सॅक रिकामी आहे रे. आता काय काढू?"

वहिनी आत निघून गेल्या. जरा वेळाने, फायलीवर शेरा मारावा तशा आवाजात भाऊंनीच सांगितलं की ते थांबतायत, वाटेत बसले तर सगळ्यांनाच परतावं लागेल. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी पूर्णगडला पोचलो. गावातल्या एसटीडी बूथवरून फोन लावला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, विशेष काही नव्हतं, ऊन फार, वाळूत पाय रुततात, तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं बोलू नको. सकाळपासून फोनजवळ बसलोय. जयगडपासून नीट सांग."

बाकीचे बाहेर जेवायला खोळंबले होते. मी बूथचं दार लावून घेतलं आणि जयगडच्या धक्क्यापासून सुरुवात केली.