आईचा रकाना

बेंगळुरूत घर कुणाच्या नावावर आहे याचे सरकारी दाखले ऑनलाइन मिळायला लागले, तेव्हा त्यांचा अर्ज तयार करणाऱ्यांत मी होते. त्याची मला भारी ऐट होती. दर रविवारी जयनगरला आईकडे जेवायला गेले की मी तेच पुराण लावायचे. आता हेलपाटे नाहीत, घरबसल्या दाखला.

आईनं अर्ज भरला आणि तो परत आला. दुसऱ्यांदाही तेच. आधारवरचं नाव खरेदीखताशी जुळत नाही, सबब मालकी सिद्ध होत नाही, असं माझ्याच अर्जानं माझ्या आईला कळवलं. हे घर आजोबांनी तिच्या लग्नाआधी तिच्या नावावर घेतलेलं. पुढे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि आडनावाबरोबर तिचं नावही बदललं. मी लग्नानंतर काहीच बदललं नव्हतं, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरातलीच गोष्ट, आणि मीच विसरले.

मी ओशाळून म्हटलं, एखादा एजंट गाठते. आई भडकली.

"तुझ्या अर्जात मला जागा नाही, तर जागा कर. माझ्यासारख्या किती जणी असतील."

सोमवारी बैठकीत मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. आमच्या अधिकारी बाई कडक. त्यांनी ऐकून घेतलं, आपल्या धारवाडच्या आत्याचंही असंच नाव बदललं होतं म्हणाल्या, आणि शेवटी एवढंच, "सरी, माडी." बरं, करा म्हणून. अर्जात नवा रकाना आला: लग्नाआधीचं नाव. सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं.

आईनं शेजारच्या अक्कांना बोलावून तो रकाना दाखवला. लेकीनं केलाय म्हणाली. खरं तर तो तिनंच करवून घेतला होता, आणि मला माझ्यापेक्षा तिचाच जास्त अभिमान वाटत होता.

तिनं पुन्हा अर्ज भरला; मूळ खरेदीखत दाखवायला तेवढं एकदाच सेवा केंद्रात जावं लागलं. आम्ही बाकावर बसलो होतो. खिडकीतल्या माणसानं कागद बघून तिचं माहेरचं नाव मोठ्यानं पुकारलं. आजोबा गेल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

गुडघे दुखणारी माझी आई ताडकन उठली आणि म्हणाली, "हजर."