पल्सारचा प्रश्न आणि एका पालकाचा फोन

मंडळी, क्लासवरून घरी आले तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी इथे हिंदी मुलखात, एमपी नगरमधल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते. आज गरिमा नावाच्या विद्यार्थिनीने पल्सारबद्दल विचारलं. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. त्याचे रेडिओ सिग्नल आपल्यापर्यंत ठरावीक लयीत येतात, आणि काही पल्सारभोवती जोडीदार तारा फिरत असतो, तो मध्ये आला की बंद होतात.

"मॅम, पर वो तारा तो छोटा है. फिर सिग्नल इतनी देर क्यों गायब रहता है?"

मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, की पल्सारच्या किरणांच्या माऱ्याने त्या जोडीदार ताऱ्यातून वायू उडतो आणि भोवती दूरवर पसरतो. सिग्नल अडवतो तो हा वायू. सगळा वर्ग मन लावून ऐकत होता.

दुपारी संचालकांनी बोलावलं. "मॅडम, सिलेबस के बाहर मत जाइए. एक पेरेंट का फोन आया था."

बाहेर गरिमा उभी होती. खाली मान घालून म्हणाली, "मॅम, फोन पापा का था. ब्रेक में मैंने ही खुश होकर उन्हें बताया था. उन्होंने पहले यही पूछा, ये एग्ज़ाम में आएगा क्या. अब नहीं पूछूँगी."

"पूछना बेटा," मी म्हटलं. ती निघून गेली.

तिच्या वडिलांवर रागावताही येत नाही. लांबच्या मिसरोदहून रोज स्कूटरवर तिला सोडायला येतात, मुलगी परीक्षा पास व्हावी म्हणून धडपडतात. पण उद्या ती गप्प बसली तर मी काय करू?

तुमच्यात जे आईवडील आहेत त्यांनी खरं सांगा, मुलं आनंदाने काही सांगायला येतात तेव्हा तुम्ही आधी काय विचारता?