पाण्यातून आलेली चाके

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला आधी थकवा जाणवतो, मग बाकीचे आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत रस्त्यावर उभा राहिलो. घरी पाहुणे जमले आणि कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणाले की मी त्यातलेच काहीतरी सांगतो. ही सांगत नाही. आज लिहितो आहे. नावे कुणाचीच देणार नाही.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. माझे ठाणे जायकवाडीच्या बॅकवॉटरला लागून होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जलाशयात एक उंचवटा बेटासारखा उघडा पडायचा. तिथे गवत चांगले असे. एक धनगर नवरा-बायको, दोघेही उतारवयाचे, मासे धरणाऱ्या एका भोयाच्या होडीतून खेपा करून आपल्या शेळ्या तिथे नेत आणि पावसाळ्यापर्यंत पाल ठोकून राहत.

एका दुपारी तो भोई आणि ती म्हातारी ठाण्यात आली. होडीत म्हाताऱ्याचे प्रेत होते. म्हातारी बाजाराला गेली होती. परतली तेव्हा नवरा पाण्याच्या कडेला मरून पडलेला. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, इन्क्वेस्ट पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेले. डॉक्टरांनी सांगितले, छाती दबली आहे, बरगड्या मोडल्या आहेत, अंगावर काहीतरी फार जड आले आहे. त्या बेटावर पाण्याच्या हंड्यापेक्षा जड वस्तू नव्हती.

मी म्हातारीला विचारले, "मावशी, कुणाशी भांडण होतं का?"

"व्हतं की. काठावरच्या मालकासंगं. बेटावर त्यानं टरबुजं लावल्यात. आमच्या शेळ्यांनी येल खाल्ले म्हून लई शिव्या दिल्या त्यानं." मग ती पुढे सरकली. "साहेब, तिथं गाडी आली व्हती."

"होडी म्हणायचंय का?"

"नाय. गाडी. मी चाकं बघितली चिखलात. पाण्यातून वर आली अन् पाण्यातच परत गेली."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं." मी स्वतः बेटावर गेलो. शेळ्यांनी सगळा चिखल तुडवला होता, कडेचे ठसे लाटांनी धुतले होते. एका जागी रुंद पट्टा उमटल्यासारखा वाटला, पण तो चाकाचाच आहे असे मी शपथेवर सांगू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी तो बागायतदार मालक आपण होऊन ठाण्यात आला. बरोबर गावातली दोन वजनदार माणसे होती. चहा झाल्यावर म्हणाला, "साहेब, यात विचार करण्यासारखं काय आहे? शेळ्यांनी भोयाची जाळी फाडली होती. होडी त्याचीच, प्रेत आणलं त्यानंच. आत घ्या, दोन दिवसांत कबूल होतो की नाही बघा."

माझा एक साधा अनुभव आहे. न बोलावता ठाण्यात येऊन जो दुसऱ्याचे नाव सांगतो, त्याच्याकडे मी आधी बघतो. पण बघून काय करणार? वरून फोन सुरू झाले होते. भोयाला रोज चौकशीला बोलवावे लागत होते. तो सकाळी येऊन बाकावर बसायचा आणि संध्याकाळी जायचा. त्याचा धंदा बुडत होता. एकदा म्हणाला, "साहेब, मी त्यास्नी न आणता तिथंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का?"

पाण्यात चालणारी गाडी असते का, हे मी भेटेल त्या ड्रायव्हरला विचारू लागलो. लोक तोंडावर गप्प राहत आणि मागे हसत. शेवटी शहरातल्या छावणी भागातला एक ओळखीचा टायरवाला म्हणाला, "साहेब, मोठ्या फुग्यासारखे सहा टायर माझ्याकडं आले होते पंक्चरला. असे टायर मी जन्मात पाहिले नव्हते. एक मिस्त्री घेऊन आला होता. म्हणाला, ही गाडी तरंगती."

मिस्त्रीचे गॅरेज छावणीतच होते. त्याने गाडी मालकाची असल्याचे लगेच सांगितले, पण पुढे एकच पालुपद. "बनी नहीं साहब. हात लावला, सोडून दिली. वो भंगार है."

गाडी मालकाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडली. फायबरचा उघडा टब, दोन्ही बाजूंना तीन-तीन जाड चाके, स्टिअरिंग नाही, त्याऐवजी दोन दांडे. कुठल्याशा प्रकल्पाने पाहणीसाठी परदेशातून आणलेली आणि पुढे लिलावात काढलेली. मालक हसला. "हौस म्हणून घेतली हो. एक दिवस चालली असेल तर शपथ. न्या, तुमच्याकडं चालू झाली तर मलाही सांगा."

मी पंचनामा करून गाडी जप्त केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ठाण्याच्या आवारात आणली. गाडी चालत नसेल तर म्हातारीच्या बोलण्याला किंमत शून्य आणि भोई आत, हे स्पष्ट होते.

आमच्या मोटार परिवहन विभागाचा मेकॅनिक आला. त्याने टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. बऱ्याच खटपटीनंतर इंजिन धूर ओकत सुरू झाले. पण गिअर टाकताच गाडी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी डावीकडे गिरकी घेऊ लागली. या गाडीत प्रत्येक बाजूच्या तिन्ही चाकांना चेनने ओढ मिळते. डावी बाजू मेलेली होती, एकटी उजवी ढकलत होती. तळाची फळी काढली तर आत काळा गाळ आणि बारीक शिंपले. गंजलेल्या डाव्या चेनमध्ये एकच जोड नवा, चकचकीत. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे एक दिवसही न चाललेल्या गाडीत हे कुठून आले? पंचांना बोलावून मी नोंद केली. पण वकील म्हणेल, जोड शेडमध्ये बसवला, गाळ कुठलाही असेल. गाडी चालायला हवी होती, आणि चेन प्रत्येक वेळी उतरत होती.

मिस्त्रीला चौकशीसाठी बोलावले होते. मी त्याला व्हरांड्यात बसवले. ही माझी युक्ती होती असे पुढे लोक सांगायचे. खरे म्हणजे आतल्या खोलीतला पंखा बिघडला होता. समोरच आमचा मेकॅनिक चेन ताणून बसवत होता. मिस्त्री आधी खाली बघत होता, मग हळूहळू तिकडे बघू लागला. चेन पुन्हा उतरली तसा तो उठला.

"और मत खींचो उसको. तुटंल. चेनचा दोष नाय."

"मग कशाचा?" मी विचारले.

"बेअरिंग गेली. जोर पडला की ॲक्सल सरकतो, चेन ढिली होती."

"तुम्ही तर हात लावून सोडली होती ना, मिस्त्री?"

तो बाह्या वर करून गाडीखाली गेला. आमच्या मेकॅनिकने छावणीतून बेअरिंग आणून दिली, दोघांनी मिळून ॲक्सल सरळ केला, चेन बेताची ताणली. ऊन कलायच्या सुमारास गाडी आवारात सरळ रेषेत गेली, वळली, परत आली. शिपायांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री काळे हात घेऊन चाकाशी उकिडवा बसून राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"त्या दिवशी हीच चेन उतरली, साहब," तो म्हणाला.

मग त्याने सगळे सांगितले. मालकाला गाडी पाण्यात घालून बघायची होती. दोघे बेटावर पोचले. मालकाने गाडी शेळ्यांच्या अंगावर घातली, नुसते भिववायला. म्हातारा काठी घेऊन आडवा आला आणि गाडीच्या डाव्या अंगाला उभा राहिला. तेवढ्यात डावी चेन उतरली, गाडी डावीकडे फिरली आणि त्याच्या छातीवर चढली. दोघांनी ढकलून गाडी बाजूला केली. म्हातारा जिवंत होता. पण गाडी जाग्यावरून हलेना.

"मी लगेच चेनला लागलो. म्हटलं, दवाखान्यात न्यायचं. एक जोड तुटला होता, नवा खिशातच होता. बाबा बाजूलाच सावलीत पडलेले. मला म्हणाले, घाई नगं करू लेकरा, बोट सापडंल. व्हईल चालू."

"मग?"

"झाली चालू. मी त्यांना उचलायला वाकलो. मालक म्हणाले, आधी तू बस, चालती का बघू. मी बसलो. त्यांनी गाडी पाण्यात घातली ती मागं वळवलीच नाही. म्हणाले, माणसं पाठवतो. कुणाला पाठवलं नाही." तो हातावरचे काळे पुसू लागला. "मला पोहता येत नाय, साहब. लेकिन वो वजह नहीं है. मी बसून राहिलो."

त्याचा जबाब मी दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. मालकाला अटक केली. भोयाला सांगितले, उद्यापासून यायचे नाही. त्याने नुसती मान हलवली आणि गेला.

पंचांसमोर गाडी पाण्यात चालवून दाखवणे बाकी होते. त्या सकाळी काठावर आसपासच्या चार गावांची माणसे लोटली. मिस्त्रीने गाडी उतारावरून पाण्यात घातली. ती तरंगली, सहाही चाके पाणी मागे लोटू लागली आणि ती संथपणे बेटाकडे गेली. लोक जत्रेसारखे ओरडत होते. म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्यावर विश्वास न ठेवणारा माझा हवालदार तिच्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही खरं बोलत होता."

तिचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. गाडी परत आली तशी ती सरळ मिस्त्रीपुढे गेली.

"माझं माणूस लई येळ जितं व्हतं का रं?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहिले.

"नाय, आई," तो म्हणाला. "लगेच गेले. काही कळलंसुद्धा नाय त्यांना."

खटला लांबला. मालकाच्या वकिलाने मिस्त्रीला फोडायचा प्रयत्न केला, धमक्याही आल्या. मला वाटले होते तो उलटेल. तो उलटला नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला सगळे सांगावे लागले. म्हाताऱ्याचे शब्दही सांगावे लागले. म्हातारी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. सदोष मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा लपवणे, एवढेच सिद्ध झाले. शिक्षा थोडी लागली, वर अपील, लगेच जामीन. निकालाच्या दिवशी मालक माझ्या आधी कोर्टातून बाहेर पडला.

साक्षीच्या दिवशीचे मात्र मी विसरलो नाही. मिस्त्री कोर्टाच्या आवारात खाली मान घालून उभा होता. म्हातारी त्याच्याजवळ गेली. ती त्याला मारेल असे वाटून हवालदार पुढे सरसावला, मी त्याला थांबवले.

"तू काठावर खोटं बोलला, ते मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्या त्वांडावर दिसत व्हतं."

मिस्त्रीने मान वर केली.

"बोलला ते बरं केलं. तेवढे दिस झोप तरी आली मला. अन् आज खरं बोलला, तेबी बरं केलं." तिने पिशवी उचलली आणि ती एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

नोकरीभर मी समजत होतो की माझे काम सत्य बाहेर काढणे, तेवढे केले की माझे काम संपले. या प्रकरणाने मला शिकवले की बाहेर काढलेले सत्य कुणाला तरी घरी न्यावे लागते, आणि ते न्यायला पोलीस सोबत जात नाहीत. त्यानंतर मयताच्या माणसांना काही सांगायचे असेल तेव्हा मी आधी त्यांना खाली बसवू लागलो आणि ते विचारतील तेवढेच सांगू लागलो. बढतीच्या परीक्षेत हे विचारत नाहीत. मला ते एका धनगराच्या बायकोने शिकवले, आणि मी तिला त्या दिवशी स्टँडपर्यंत सोडायलाही गेलो नाही, कारण मला दुसऱ्या केसची तारीख होती.