पानाची मागची बाजू

टोमॅटोची पानं दुपारी वळलेली दिसायची. उन्हाचा ताण असेल, असं म्हणून मी बांधावरूनच माघारी फिरायचो. परवा सुमनवहिनी थेट मधल्या सरीत शिरल्या आणि एक पान उलटं करून माझ्यापुढं धरलं. मागं पांढरी माशी दाटून बसली होती.

"भावजी, उन्हानं वळलेलं पान सकाळी सरळ होतं. सकाळी येऊन बघितलंत कधी?"

नव्हतं बघितलं. कडेची चार झाडं बघून पीक बरं आहे, असं मी घरी सांगत होतो.

थोरला भाऊ गेल्यापासून वहिनींनाही मी दारातूनच विचारतो, "बरं आहे ना?" त्याही "बरंय" म्हणतात.

आज सकाळी शेतातून येताना त्यांच्या दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.