बुटात बघ

सुपरहिरोंचे पिक्चर मला आवडत नाहीत. हे मी घरात इतक्या वेळा बोलून दाखवलं आहे की माझी मुलगी असल्या पिक्चरला मला कधी विचारतही नसे. ती अकरावीत आहे, आणि दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांतली आतली भिंत तिनं असल्या लोकांच्या पोस्टरांनी भरून टाकली आहे. माझं म्हणणं साधं असतं. आभाळ फाटतं, निम्मं शहर कोसळतं, हिरो उडून जातो, आणि ढिगारा कोण उचलतो ते कुणी दाखवत नाही. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. शिफ्ट संपल्यावर मशीनखालचा कचरा आपला आपल्यालाच काढावा लागतो, म्हणून असेल, माझं लक्ष आधी ढिगाऱ्याकडे जातं.

हा पिक्चर मात्र वेगळा निघाला. त्यात शहर वगैरे काही कोसळत नव्हतं. त्यातल्या हिरोची शक्तीसुद्धा अगदीच बेताची: श्वास रोखून धरला की तो कुणाला दिसत नाही, श्वास सोडला की दिसतो. एका मोठ्या कंपनीनं त्याच्या मेलेल्या दोस्ताचा एक शोध ढापलेला असतो, आणि हा तीन-चार रिकामटेकड्यांना बरोबर घेऊन तो परत चोरायला निघतो. बस, एवढीच गोष्ट. नुसता ट्रेलर बघून यावरून माझ्या मुलीच्या मैत्रिणींमध्ये आठवडाभर जुंपली होती. एकीचं म्हणणं, हा काय सुपरहिरो आहे, याला तर जिना चढला तरी धाप लागते. दुसरी म्हणे टाइमपास आहे, थिएटरात पैसे घालवण्यासारखा नाही. माझी मुलगी एकटी त्याच्या बाजूनं फोनवर तावातावानं भांडत होती. "प्रत्येकानं जगच वाचवलं पाहिजे का गं? एखाद्यानं दोस्ताचं काम केलं तर चालत नाही का?" हे मी जेवता जेवता ऐकलं आणि मला ते पटलं. मी तसं म्हणालो, आणि तिथंच अडकलो. चिंचवडला सकाळचा शो होता, माझी सुट्टी होती, आणि चार मुली एकट्या जाणार म्हणून बायको आधीच कुरकुरत होती.

थिएटर कॉलेजच्या पोरांनी भरलं होतं. ताथवड्याकडची इंजिनिअरिंगची मुलं, अंगात चित्रांचे टीशर्ट, हातात बादलीएवढे पॉपकॉर्न. माझ्या वयाचा मी एकटाच. दिवे गेल्याबरोबर शिट्ट्या सुरू झाल्या. हिरोनं पहिल्यांदा श्वास रोखला तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "सगळ्यांनी रोखा रे!" आणि खरंच सगळ्यांनी रोखला. हिरो दिसेनासा झाला की थिएटर चिडीचूप, तो दिसू लागला की सगळे एकदम हुश्श करत. मीही करत होतो. माझी मुलगी मधूनमधून फोन वर धरून आमच्या रांगेचं शूटिंग घेत होती. पडद्याचं नाही, आमचं. लोक पिक्चर बघताना कसे दिसतात, याचे व्हिडिओ ती टाकत असते. रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला.

आणि मग गेटचा प्रसंग आला. चोरी करून झालेली. तो शोध म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक तुकडा, तो हिरोनं बुटात घातलेला. शिफ्ट सुटते, कामगारांची रांग लागते, हिरो त्या रांगेत. नेमकी त्याला उचकी लागलेली, म्हणजे श्वास रोखायची सोय नाही. गार्ड त्याला थांबवतो. हात बाजूला करायला लावतो. खिसे चाचपतो, पिशवी उलटी करतो, डबा उघडून त्यातल्या भातात चमचा फिरवतो. थिएटरात सगळ्यांनी त्याच्यासाठी श्वास रोखलेला. गार्ड डबा बंद करतो, म्हणतो, जा.

"अरे बूट! बुटात बघ ना त्याच्या!"

हा मी ओरडलो होतो. कधी तोंड उघडलं ते मला कळलंच नाही. अख्खं थिएटर हसत सुटलं. मागून एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही कुठल्या गेटला असता?" पुन्हा हशा. पडद्यावर हिरो गेटबाहेर पडला ते कुणी धड पाहिलंच नाही. माझी मुलगी हसून हसून पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून बसली होती. पिक्चर सुटल्यावर दोन पोरांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चारही मुलींना मी आइस्क्रीम खाऊ घातलं आणि घरी येईपर्यंत तो प्रसंग त्यांना दोनदा करून दाखवला.

संध्याकाळपर्यंत मुलीनं टाकलेला माझ्या ओरडण्याचा व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता. मुलगी चहाच्या वेळी एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. काकांना अनुभव दिसतोय. काकांना दुसऱ्या भागात घ्या. काकांनी कंपनीचं काय काय घरी नेलंय ते विचारा. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसत होतो. मग मुलगी एका ठिकाणी थांबली आणि तिनं ते मनातच वाचलं.

"पप्पा, तुमची झडती घेतात का हो कंपनीत?"

आमच्याच लाइनवरच्या कुणीतरी लिहिलं होतं, हे तर आमचे दादा, रोज गेटवर बूट काढून दाखवतात, म्हणून बोलले.

आता ते खरंच आहे. आमच्याकडे कापायच्या हत्यारांना कार्बाइडचे इन्सर्ट लागतात. नखाएवढे असतात आणि फार महाग. मागे ते गायब व्हायला लागले तेव्हापासून सुटताना बूट काढायला लावतात. दोन्ही बूट हातात घ्यायचे, उलटे करून एकमेकांवर आपटायचे, मोज्यांवर उभं राहायचं, हात बाजूला करायचे. मग गार्ड धातू शोधायचा दांडा अंगावरून फिरवतो आणि हातानंही चाचपतो. डबा उघडायचा. पावसात, उन्हात, सणाच्या आदल्या दिवशीही. कितीतरी वर्षं हे चालू आहे. मी हे घरी कधी लपवलं नव्हतं. फक्त सांगायची वेळ आली नव्हती. घरी मी सांगतो ते वेगळंच. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक मला नुसत्या बोटानं कळते, मशीनवर नवीन जॉब, म्हणजे नवा भाग, लागला की इंजिनिअर पोरं आधी मला विचारायला येतात, हे सांगतो. तेही खरंच आहे. पण तोच माणूस मोज्यांवर उभा राहून बूट आपटतो, हे पोरीच्या डोळ्यांत बघून मला सांगता येईना.

"माझी कशाला घेतील?" मी म्हणालो. "मी सीनियर आहे. नव्या पोरांची घेतात. तेच बघून बघून तोंडात बसलंय."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि खाली मान घालून काहीतरी टाइप करायला लागली. काय, ते मी विचारलं नाही. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं. माझे मोजे तीच धुते, त्यांचे तळवे कसे असतात ते तिला माहीत आहे. ती चहाचे कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती. सकाळी गेटवर गार्ड मला बघून हसला, "दादा, फेमस झालात," म्हणाला, तेवढं ठीक होतं. दुपारी सुटताना त्यानं नेहमीसारखे बूट काढायला लावले, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बुटात बघ रे नीट!" त्यावर मीही हसलो. हसण्याला माझी हरकत नव्हती. कंपनीच्या बसमध्ये बसलो, मोशी गेलं, आणि माझ्या मागे बसलेल्या एकानं फोन काढला. तो मूळचा खेडकडचा, मनाचा वाईट नाही, फक्त तोंडाचा फाटका आहे.

"राव, तुमच्या पोरीनं काय लिवलंय बघितलं का?" असं म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं. "माझ्या पप्पांची झडती कोणी घेत नाही. ते सीनियर आहेत. माहीत नसेल तर उगाच बोलू नका."

बस हसली. चाळीस माणसं बसायच्या बसमध्ये कुणी हसायचं राहिलं असेल असं वाटत नाही. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून पाहिलं.

"व्हय का राव? तुमची झडती न्हाई व्हत? मग मगाशी माझ्या म्होरं बूट कोन आपटत हुतं?"

"ओ सीनियर! आमचं पण जरा सांगा की सायबाला!"

कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. उद्या मला गरज पडली तर यातलेच लोक धावून येतील, ते मला माहीत आहे. पण त्या बसमध्ये बसल्या जागी जमिनीनं दुभंगून मला आत घ्यावं असं वाटलं. माझी टिंगल झाली म्हणून नव्हे. माझ्या पोरीनं माझी बाजू घेतली होती, छाती पुढे काढून, चारचौघांत, आणि ती बाजू मी तिला खोटी दिली होती. बसमधल्या सगळ्यांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं, ते तिला एकटीला ठाऊक नव्हतं. तिच्या वाक्याखाली आमच्या गेटवरच्या लोकांनी दात काढलेली तोंडं ओळीनं लावून ठेवली होती. त्या खेडकडच्यानं फोन माझ्यापुढे धरून ती दाखवली. मी नाशिक फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी गेलो तेव्हा मुलगी कॉलेजातून आलेली होती. फोन उपडा करून शेजारी ठेवलेला. तिनं सगळं वाचलं आहे हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. बायकोनं ताट वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि म्हणालो, "घेतात झडती. माझीही घेतात. रोज."

"कळलं मला," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "बूट पण?"

"बूट पण."

"मग त्यात काय पप्पा? मॉलमध्ये पण करतात की. काल थिएटरात आपल्या सगळ्यांची केली." ती माझी समजूत घालत होती. सोळा वर्षांची मुलगी बापाची समजूत घालतेय, आणि बाप भाकरीचा तुकडा उगाच मोडत बसलाय. "सगळ्यांचीच करतात ना? साहेबांची पण?"

"साहेबांच्या गाड्यांना गेट वेगळं आहे."

बाहेरून लोकल गेली, भांडी थोडी हादरली. मला वाटलं, झालं, आता विषय संपला. मी आमटी ओतून घेतली. खोटं बोललो म्हणून ती दोन दिवस अबोला धरील, मग विसरेल, असा मी हिशेब करत होतो.

"पण मग पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही गार्डला कशाला सांगत होता?"

"काय?"

"थिएटरात. सगळे त्याच्या बाजूनं होते. सगळ्यांनी त्याच्यासाठी श्वास रोखला होता. तो सुटतच होता. आणि तुम्ही गार्डला सांगितलं, बुटात बघ म्हणून." तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो. "तुमची रोज घेतात ना? मग तुम्ही तर त्याच्याच रांगेतले. तुम्हाला तो पकडला जायला हवा होता का?"

इतक्या लोकांनी तो व्हिडिओ पाहिला, त्यावर इतकं लिहिलं, हसले. कुणी मला चोर म्हणालं, कुणी अनुभवी म्हणालं. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी ते पुन्हा आठवून पाहिलं. गार्ड बूट न बघता त्याला जा म्हणाला होता. त्याला वाचवावं असं माझ्या मनात आलंच नव्हतं. तो बूट न काढता चालला होता आणि ते मला सहन झालं नव्हतं, एवढंच.

"सवय झालीय गं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. पोस्टरावरच्या हिरोंकडे बघते तशी नाही, बसमधल्या लोकांसारखीही नाही. कीव आल्यासारखी बघत होती. बापाकडे पोरीनं तसं बघू नये. ताटात अर्धी भाकरी होती, पण मला तिच्यासमोर बसवेना. मी उठलो आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिलो.