छानबाईंच्या वर्गातली टाचणी

छानबाई खोट्या नावानं स्वतःच्याच विद्यार्थ्यांचा उद्धार करतात, अशी कुजबुज मध्यंतरी साऱ्या कॉलेजात होती. ऐकणाऱ्याला हसू आवरत नसे. शिंप्यानं एक बाही आखूड शिवली तरी "छान झालंय हो" म्हणून घरी येणारी ही बाई. ती काय कुणाचा उद्धार करणार?

नोकरदारांना लेखन शिकवायचा त्यांचा ऑनलाइन वर्ग होता. एकमेकांकडून शिकावं म्हणून बाईंनी वर्गाचा ब्लॉग काढला. प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागेविषयी लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या लेखांखाली मत द्यायचं, असा नियम. झालं! नर्सच्या लेखाखाली कॅशियरचं "खूप छान!", कॅशियरच्या लेखाखाली नर्सचं "अप्रतिम!", उसनी साखर परत करावी तसं. वाचायची तसदी कोण घेतो? एकदा कॅशियरनं लेखाऐवजी चुकून रजेचा अर्ज चिकटवला. त्याखालीही "काळजाला भिडलं" आलं. सगळ्यांत खाली बाईंचं "छान, छान!" होतंच.

प्राचार्यांनी तो अर्ज वाचला. "बाई, सत्र संपेपर्यंत खरी चर्चा दिसली नाही तर वर्ग बंद. आणि तुमचं कंत्राटही."

घर त्या नोकरीवर चालायचं. त्यामुळे बाई आणखीच गोड बोलू लागल्या. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं खुर्ची टाकून सासूबाई सगळं ऐकायच्या.

"रजेच्या अर्जालासुद्धा छान? अगं, वाचतेस तरी का?"

"आई, हळू! माइक चालू आहे."

"असू दे. निदान एक तरी खरं वाक्य जाईल वर्गात."

आणि एके दिवशी ब्लॉगवर 'टाचणी' उगवली. नर्सला म्हणाली, "वॉर्डात वीस खाटा आणि एकही माणूस कण्हत नाही? हॉस्पिटल आहे की फर्निचरचं दुकान?" कॅशियरला एवढंच, "रजा मंजूर. परत येऊ नका."

वर्गाचा तिळपापड झाला. "कोण हा दीडशहाणा?" नर्सनं विचारलं. कॅशियर म्हणाला, "ताई, तुमचं मी वाचतो, माझं तुम्ही वाचा. त्या टाचणीला टोचायला जागाच ठेवायची नाही." मग लेख टाकण्याआधी एकमेकांना दाखवणं सुरू झालं. खाडाखोड, भांडणं, पुन्हा लिहिणं. नर्सच्या लेखात पलंगाखाली चपला शोधणारे आजोबा आले, कॅशियरच्या काउंटरवर माणसं ओरडू लागली. शिकवून जे झालं नव्हतं ते चिडून झालं. शेवटी टाचणीनं लिहिलं, "बरं आहे." वर्गानं तो दिवस पदक मिळाल्यासारखा साजरा केला.

पण टाचणीची बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली. त्यांनी बाईंना बोलावलं.

"ही टाचणी कोण? पटावर असं नाव नाही. बाहेरच्या कुणाला वर्गात घुसवलं असेल तर आजच निरोप घ्या."

टाचणी कोण ते बाईंना एव्हाना कळलं होतं. खरं बोलावं तर नोकरी जाणार.

"सर... मीच."

"तुम्ही?" प्राचार्य एकदम खुलले. "अहो, मग ही तर नवी अध्यापनपद्धती! आधी नाही का सांगायचं?"

कंत्राट वाढलं. वर सगळ्या शिक्षकांपुढे 'परखड अभिप्रायाचे महत्त्व' या विषयावर बाईंचं भाषण झालं. बाई अर्धा तास इतकं मधाळ बोलल्या की दोघे-तिघे पेंगले. प्रश्न एकानंही विचारला नाही. सगळे म्हणाले, छान!

टाचणी छानबाई नव्हत्या. नमुना दाखवण्यासाठी बाईंनी विद्यार्थ्याचं एक खातं उघडलं होतं. ते घरातल्या टॅबवर चालूच राहिलं आणि त्यावरून सासूबाई लिहायच्या.